‘भिऊ नको’च्या पुढचा रकाना

वहीतली पहिली नोंद रात्री 2 वाजून 10 मिनिटांची आहे. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझी 26 वर्षे गेली, त्यामुळे वेळ आणि तारीख घातल्याशिवाय मला काही लिहिताच येत नाही. नोंद एवढीच : ‘उत्पत्ती 21:17. हागार. भिऊ नको.’ खाली पट्टी लावून मारलेली रेघ. रेघ सरळ आहे, अक्षर मात्र माझे वाटत नाही.

त्याच्या पाच दिवस आधी माझी बायोप्सी झाली होती. आंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दोन दिवस कोणालाच सांगितले नाही, तिसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितले. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि शेवटी ती सुई. तिचा खटका स्टेपलरसारखा वाजतो. मी दचकून हलू नये म्हणून डॉक्टरबाईंनी आधी तो नुसताच वाजवून दाखवला. इतके जपून वागणारे माणूस समोर होते, पण माझे सगळे लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर : यांना आत्ताच काही कळलंय का? रिपोर्टला सात-आठ दिवस लागतील, असे त्या म्हणाल्या.

भीती वाटली तर मी रडेन, अशी माझी समजूत होती. मी रडले नाही. मी कागदपत्रे लावली. विम्याची पॉलिसी, बँकेतली वारसाची नावे, लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पावत्या, सगळे एका फायलीत, वर अनुक्रमणिका. नवऱ्याने ती फाईल बघितली आणि काही न बोलता कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. दिवस असा कामात जायचा. रात्री मात्र तोंडाला कोरड पडायची, पाय गार व्हायचे आणि छातीत कोणीतरी मूठ आवळल्यासारखे वाटायचे. प्रार्थनेला बसले की ‘हे प्रभू’ या दोन शब्दांच्या पुढे जाताच यायचे नाही.

मी जन्माने ख्रिस्ती. तेविसावे स्तोत्र पाचव्या वर्षी पाठ झाले. पुढे कितीतरी वर्षे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवले. वादळ शांत करणारा येशू, पाण्यावरून चालणारा पेत्र, सिंहांच्या गुहेतला दानीएल. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्यायचे, ‘भिऊ नको!’ आता स्वतःवर वेळ आली तर माझीच गाळण उडालेली. गाठीची भीती एक, आणि आपण भितो आहोत याची लाज दुसरी. दुसरी जड होती.

त्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका बाईंना माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळले. त्यांनी खोदून विचारले आणि मी बोलून गेले. त्या म्हणाल्या, “अगं, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. भीती आहे म्हणजे कुठेतरी विश्वास कमी पडतोय. स्वतःला तपासून बघ.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला आजही मान्य आहे. पण त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदाच देवाचीही भीती वाटली.

पुष्कळ महिन्यांनी मी ते वचन नीट वाचले. योहानाचे पहिले पत्र, अध्याय 4, वचन 18. आधीच्याच वचनात न्यायाच्या दिवसाची गोष्ट आहे, आणि याच वचनात पुढे शिक्षेची. म्हणजे योहान ज्या भीतीविषयी बोलतो ती देव आपल्याला दंड करील ही भीती. गाठीची, वादळाची, रात्रीची भीती तिथे नाहीच. जी भीती घालवायला ते वचन लिहिले गेले, नेमकी तीच मी त्या वचनामुळे घरी घेऊन आले होते.

त्या रविवारच्या उपदेशात मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांची गोष्ट आली होती. 1736 च्या जानेवारीत ते जहाजाने अमेरिकेतल्या जॉर्जियाला चालले होते. अटलांटिकमध्ये वादळ झाले, मोठे शीड फाटले, पाणी डेकच्या खाली घुसले. इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि जहाजावरचे मोरावियन पंथाचे जर्मन ख्रिस्ती मात्र स्तोत्र म्हणत राहिले. वेस्लींनी नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारले, तुम्हाला भीती नाही वाटली? तो म्हणाला, देवाची कृपा, नाही वाटली. आणि तुमच्या बायका-मुलांना? त्यांनाही मरणाचे भय नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे. सांगणारा नेहमी त्या जर्मनांकडे बोट दाखवतो. त्या रविवारी मला पहिल्यांदा वेस्ली दिसले. ते तेव्हा 32 वर्षांचे, अभिषिक्त पाळक म्हणजे धर्मगुरू, मिशनरी म्हणून निघालेले, आणि त्या जहाजावर घाबरलेले. ते घाबरले हे आपल्याला कळते कसे? त्यांनीच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले म्हणून. तो प्रश्न मनात घेऊन ते पुढे दोन वर्षांहून अधिक काळ फिरले. ‘हृदय विलक्षण ऊबदार झाले’ असे ज्या संध्याकाळबद्दल त्यांनी लिहिले ती 24 मे 1738 ची. मला निदान सोबत मिळाली. त्या जहाजावर माझी जागा कुठे असती याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

वही सुरू व्हायला मात्र कारण झाला मोबाइलवर आलेला एक मेसेज. ‘बायबलमध्ये भिऊ नको हे शब्द 365 वेळा आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा.’ पाठवणाऱ्या मैत्रिणीला काही ठाऊक नव्हते, ती सगळ्यांनाच असे काही ना काही पाठवते. रात्री झोप येत नव्हती. आणि आकडा दिसला की तो तपासून बघायचा, ही माझी खोड. म्हटले, मोजू या.

मोबाइलमधल्या बायबलमध्ये शोध घालून मी मोजत बसले. ‘भिऊ नको’, ‘भिऊ नकोस’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नकोस’, ‘कचरू नको’. आकडा 365 च्या जवळपासही जात नाही. कितीही ताणले, ‘धीर धर’सुद्धा धरले, तरी नाही. हे मी इथे सांगते आहे, पण मंडळीत अजून कोणाला सांगितलेले नाही. लोकांना तो मेसेज फार आवडतो.

मोजणे फसले, पण मोजताना एक गोष्ट नजरेला आली. नोंदी तपासताना मी रक्कम बघण्याआधी शेजारच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघते, तशीच सवयीने मी प्रत्येक ‘भिऊ नको’च्या पुढे काय आहे ते वाचत गेले. पुढे बहुतेक वेळा ‘कारण’ होते. “तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे, घाबरू नकोस, कारण मी तुझा देव आहे.” यशया 41:10. हे वचन मी शेकडो वेळा म्हटले असेन, पण माझा जोर कायम ‘नकोस’वर असायचा, जणू शाळेतल्या बाई ओरडत आहेत. ‘कारण’वर जोर देऊन म्हणून पाहिले तर आवाजच बदलला. रात्री दचकून उठलेल्या लेकराला आई म्हणते ना, “भिऊ नको, मी आहे ना,” तो आवाज. ती आई काही लेकराला भ्यायल्याबद्दल शिक्षा करत नसते.

मग मी वहीत रकाने आखले. संदर्भ, कोणाला, कारण. दोन-तीन रात्रींनी चौथा रकाना वाढवावा लागला, कारण ‘कारण’ संपल्यावर पुष्कळदा लगेच काहीतरी करायला सांगितलेले असे. त्याला मी नाव दिले ‘पुढचे काम’.

ही कामे बघण्यासारखी आहेत. हागार, अब्राहामाच्या घरातून बाहेर काढलेली दासी, रानात आहे, मसकीतले पाणी संपले आहे. मुलाचे मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली टाकून बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसली आहे. तिला काम काय? ऊठ, मुलाला उचल, हाताशी धर. विहीर तिला दिसते ती त्यानंतर. सारफथची विधवा, घरात मूठभर पीठ. तिला संदेष्टा एलीया म्हणतो भिऊ नको, जा, म्हणालीस तसे कर, पण आधी माझ्यासाठी एक लहान भाकर कर. योसेफाला : मरियेला घरी आण. कबरेवरून पळत निघालेल्या बायकांना : माझ्या भावांना जाऊन सांगा. करिंथ शहरात प्रेषित पौलाला : बोलत राहा. कोणालाच पुढच्या दहा वर्षांचा नकाशा मिळालेला नाही. आज संध्याकाळपर्यंत उरकेल एवढेच काम.

सगळीकडे असे आहे असा माझा दावा नाही. अब्राहामाला नुसतेच ‘मी तुझी ढाल आहे’ एवढे सांगितले आहे, काम काही नाही. हिशेबाच्या भाषेत, ताळमेळ पूर्ण लागत नाही. पण लागतो तेवढ्याने माझ्या रात्री निघाल्या.

आणि एक. घाबरलेल्या माणसाला देवाच्या माणसांनी आणि दूतांनी किती वेळा आधी ‘खा’ म्हटले आहे! एलीया, ज्याने कर्मेल डोंगरावर एकट्याने शेकडो संदेष्ट्यांना तोंड दिले, तो ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपाने पळाला आणि झुडपाखाली आडवा होऊन ‘आता पुरे’ म्हणाला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला हात लावून उठवले, खायला घातले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. होरेब डोंगरावरचा संवाद त्यानंतर, चाळीस दिवसांच्या चालीनंतर. वादळात सापडलेल्या पौलाच्या जहाजाचे तसेच. चौदा रात्री भरकटल्यावर, जहाजावर 276 माणसे असताना, पौल सर्वांदेखत भाकर घेतो, देवाचे आभार मानतो आणि खाऊ लागतो. मग बाकीच्यांनाही धीर येतो आणि तेही खातात. मी पाच दिवस धड जेवले नव्हते. रात्री तीनला उठून उभ्या उभ्याच जेवले. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याला वाटले मला बरे वाटत नाही. मी म्हटले, “पुढचे काम चालू आहे.” त्याला काहीच कळले नाही.

इथे गोष्ट संपली असती तर फार छान झाले असते. पण रिपोर्ट आला आणि त्यात तोच शब्द होता.

त्यानंतरचे काही दिवस वहीत नोंद नाही. वही मी उशाखालून काढून पुस्तकांच्या मागे टाकली होती. रकाने वगैरे सगळा पोरखेळ वाटला. मंडळीतल्या लोकांचे फोन येत होते, प्रत्येकाकडे एक वचन होते, आणि माझ्याच्याने एकही ऐकवत नव्हते. एकाने आजार बरे करणाऱ्या सभेचा पत्ता दिला आणि ऑपरेशन पुढे ढकला म्हणून सांगितले. त्याबद्दल आमचे पाळकसाहेब एकच बोलले. 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर शहर सोडून गेले नाहीत. पण त्यांनी हेही लिहून ठेवले की मी देवाजवळ रक्षण मागेन, मग धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईनही. “आधी प्रार्थना, मग धुरी,” पाळकसाहेब म्हणाले. “त्यांना त्यात भांडण दिसलं नाही, आपण कशाला लावायचं?” त्या सभेला मी गेले नाही.

मग मंडळीतल्या एक आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, नवरा आणि एक मुलगा गमावलेल्या. त्यांनी कसे आहेस असे विचारलेच नाही. माझे बायबल मागितले, चष्मा पुसला आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचायला घेतले. हे स्तोत्र आमच्याकडे कोणी वाचत नाही. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रार आहे. इतर विलापाची स्तोत्रे शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही, याचा शेवट अंधारातच होतो. आजींनी शेवटचा शब्द वाचला आणि पुस्तक मिटले.

“पुढं काहीच नाही?” मी विचारले.

“नाही. एवढंच आहे.” त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिले. “पण हेसुद्धा ह्यातच छापलंय ना, पोरी? कोणी काढून नाही टाकलं.”

मी त्या दिवशी रडले. आजी तासभर बसून राहिल्या, मध्ये त्यांना डुलकीही लागली. त्या गेल्यावर मी माझी प्रार्थना केली, पहिल्यांदा पूर्ण. ती काही सुंदर नव्हती. बरीचशी भांडणच होती. पण ‘हे प्रभू’च्या पुढे गेली.

आता निर्णय घ्यायचा होता. गाठ लहान होती, वेळेत सापडली होती. सर्जन म्हणाल्या, दोन मार्ग आहेत : गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढायचा आणि नंतर रेडिएशन घ्यायचे, किंवा पूर्ण स्तन काढायचा. सुरुवातीच्या टप्प्यात जगण्याच्या दृष्टीने दोन्हींचा निकाल सारखाच असतो. 20 वर्षे पाठपुरावा करून हे तपासलेले आहे. “तुमच्या बाबतीत दोन्ही योग्य आहेत. निवड तुम्ही करायची.” एक बरोबर आणि एक चूक असते तर सोपे गेले असते. मला देवाकडून खूण हवी होती. मग ज्या गोष्टीला मी रविवारच्या शाळेत मुलांना हसायचे तीच केली. रात्री डोळे मिटले, बायबल उघडले आणि बोट ठेवले.

गणना, पहिला अध्याय. गाद वंशाचे 45,650.

मी बघतच राहिले. देवाने माझ्यासारखीला उत्तर म्हणून शिरगणतीचा तक्ता द्यावा! हसू फुटले. बऱ्याच दिवसांनी. आणि मग, काय करणार, पेन्सिल घेतली आणि बाराही वंशांची बेरीज केली. रऊबेन 46,500, शिमोन 59,300, असे करत नफतालीचे 53,400 पर्यंत. बेरीज आली 603,550. खाली छापलेला एकूण आकडाही तोच. एका पैचा फरक नाही. मी वही मिटली आणि सकाळपर्यंत झोपले. याला मार्गदर्शन म्हणायचे की नाही हे मला ठरवता येत नाही. झोप मिळाली एवढे खरे.

पाळकसाहेबांना हे सांगितले तेव्हा तेही खूप हसले. मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. डॉक्टरांवर भरवसा आहे का? दोन्हींपैकी कोणता पर्याय तुम्ही निव्वळ भीतीपोटी घ्याल? आणि भीती थोडी उतरलेली असते अशा वेळी, म्हणजे सकाळी वगैरे, मन कुठे जाते? त्यांनी एक नियमही घालून दिला : अंधार पडल्यावर काही ठरवायचे नाही, आणि सकाळी ठरवलेले रात्री बदलायचे नाही. पौलाच्या जहाजावरच्या खलाश्यांची त्यांनी आठवण करून दिली. रात्री जहाज खडकावर आपटेल असे वाटले तेव्हा त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडायची वाट पाहिली. “चार नांगर टाका आणि झोपा,” ते म्हणाले. मी विचार करून पाहिला. माझ्याकडे तीनच निघाले. नवरा, आजी आणि ती वही.

चार दिवस सकाळी मन एकाच बाजूला गेले. गाठ काढून रेडिएशन. कोणताही आवाज ऐकू आला नाही, अंगावर काटा आला नाही. फोन करून सर्जनना कळवले. “तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे” असे स्तोत्रकर्ता म्हणतो. तेव्हाचा दिवा म्हणजे हातात मावेल एवढी तेलाची पणती. तिच्या उजेडात पाऊल दिसते, रस्त्याचे वळण नाही. मी इतकी वर्षे त्या ओळीत मनातल्या मनात मोटारीचे दिवे लावून बसले होते.

सगळ्यात अवघड काम अजून व्हायचेच होते. लेकीला सांगितले नव्हते. तिची परीक्षा तोंडावर आली होती, नंतर सांगू असे आम्ही दोघांनी ठरवले होते, आणि मी मनाशी म्हणत होते की हे तिच्या भल्यासाठी आहे. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी वही चाळताना पहिल्याच नोंदीवर अडकले. हागार मुलापासून बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसली ती मुलाच्या भल्यासाठी नव्हे. तिला स्वतःला बघवत नव्हते म्हणून.

मी उठले आणि तिच्या खोलीत गेले. ती पुस्तकावर डोके ठेवून बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “आई, तू किती दिवसांनी माझ्या खोलीत आलीस.” तिला अर्धेअधिक कळलेलेच होते, रिपोर्टची पिशवी तिने पाहिली होती. ती रडली, मीही रडले, मग ती चिडली, आणि तिचे चिडणे बरोबर होते. त्या रात्री ती माझ्या शेजारी झोपली, आणि तिच्या पायांनी मला भिंतीला लावले. परीक्षा तिने दिली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी गेथशेमाने बागेतला, येशूला पकडले त्या रात्रीचा प्रसंग वाचला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला. मला नेहमी तिथला आज्ञाधारक येशू सांगितला गेला, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणणारा. तो आहेच. पण त्याच्या आधी, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असे मित्रांना सांगणारा येशू आहे. तिघांना ‘इथे जागे राहा’ म्हणून विनवणारा आणि परत येऊन पाहतो तर ते झोपलेले. एकदा नव्हे, तीनदा. मत्तय सांगतो की तो पुन्हा तेच शब्द बोलला. तेच तेच मागत राहण्याची मला लाज वाटत असे. ती त्या रात्री गेली. आणि ज्याला हे सगळे झाले त्याला कोणी म्हणेल का, की तुझा विश्वास कमी पडला?

दुःखाचा जो प्याला टळावा म्हणून तो मागत होता, तो काही टळला नाही. शेवटी तो झोपलेल्यांना उठवतो आणि म्हणतो, “उठा, आपण जाऊ.” पळून जायला नव्हे, पकडायला येणाऱ्यांकडे. वहीत त्या रात्री फक्त हे तीन शब्द आहेत. रकाने नाहीत.

सकाळी नवऱ्याने खाटेशेजारी उभे राहून प्रार्थना केली. तो फारसा बोलणारा माणूस नाही. प्रार्थनेत दोनदा अडला, आणि ‘आमेन’ जरा लवकरच म्हणाला. तेवढ्यात स्ट्रेचर ढकलणारा मुलगा आला, माझ्या मनगटावरचा पट्टा तपासला आणि म्हणाला, “चला ताई, जाऊ या.” त्याला काय ठाऊक, तो काय बोलला. भीती होती. दातावर दात वाजत होते. पण मी ‘चल’ म्हणाले.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांसारखेच झाले. काखेतल्या लसिका गाठी स्वच्छ निघाल्या, म्हणजे आजार तिथे पसरलेला नव्हता. जखम भरली. रेडिएशनच्या 15 बैठका झाल्या. हात डोक्यावर घेऊन न हलता पडून राहायचे, सगळे बाहेर निघून जातात, जाड दार बंद होते आणि यंत्र घरघरत फिरते. मी तिथे तेविसावे स्तोत्र मनात म्हणायचे. पाठ असलेली गोष्ट घाईने म्हटली जाते, पण तिथे वेळच वेळ होता, म्हणून शब्द शब्द घेऊन म्हणू लागले. सहाव्या की सातव्या दिवशी लक्षात आले की सुरुवातीला स्तोत्रकर्ता देवा-‘विषयी’ बोलतो : तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मृत्युच्छायेची दरी आली आणि ‘तो’चा ‘तू’ झाला. “कारण तू माझ्याबरोबर आहेस.” नंतर कळले की हे पुष्कळांनी आधीच हेरून ठेवलेले आहे. असू दे. मला ते त्या यंत्राखाली सापडले.

लोक म्हणतात, किती धीराने घेतलंस. मी मान हलवते. डीट्रिख बॉनहोफर हे जर्मन पाळक हिटलरच्या विरोधात गेले म्हणून 5 एप्रिल 1943 रोजी पकडले गेले आणि 9 एप्रिल 1945 रोजी फासावर गेले. 1944 च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून त्यांनी एक कविता पाठवली. तिच्यात ते म्हणतात की मी कोठडीतून शांत, हसतमुख बाहेर येतो असे लोक सांगतात. मला आतून माहीत असलेला मी मात्र पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तळमळतो. मग यातला मी कोणता? याचा निकाल ते लावतच नाहीत. मी कोणी का असेना, देवा, तू मला ओळखतोस आणि मी तुझा आहे, एवढ्यावर सोडून देतात. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण ‘किती धीराने घेतलंस’ हे ऐकले की मला ते पाखरू आठवते.

आजी मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचू का, असे पाळकसाहेबांना विचारले. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, वाचा. वाचून झाल्यावर मंडळीत बरीच चुळबुळ झाली. ज्या बाईंनी मला स्वतःला तपासायला सांगितले होते त्या मात्र नंतर माझ्याजवळ आल्या, त्यांचे डोळे लाल होते, आणि त्यांनी विचारले, “हे कितवं स्तोत्र म्हणालीस?” मी आकडा सांगितला. त्यांनी तो हातावर पेनाने लिहून घेतला. त्यांच्या घरी तेव्हा काय चालले होते ते मला नंतर कळले. ते इथे सांगायचे नाही.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. तीन वर्षे झाली, तरी तारीख जवळ आली की माझी झोप जाते, तोंडाला तीच कोरड पडते. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. काल रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी जाग आली. बाजूला नवरा घोरत होता. वही काढली, दिवा लावला. संदर्भाच्या रकान्यात काही सुचेना, तो कोराच ठेवला. ‘कोणाला’मध्ये माझे नाव घातले. ‘कारण’मध्ये आधीच्या नोंदीखाली मारतात तशा दोन टिकल्या मारल्या, म्हणजे वरीलप्रमाणे. आणि ‘पुढचे काम’मध्ये लिहिले : मागचे रिपोर्ट शोधणे. बहुधा कपाटात वरच्या कप्प्यात.